चौघांचा एकच भाव

मित्रांनो, मी पुण्याजवळच्या मांजरी गावातला एक जुना पाण्याचा टँकर आहे. माझी चाकं जमिनीत रुतली आहेत, निळ्या रंगाचे पोपडे उडाले आहेत आणि बुडाला तळहाताएवढं भोक पडलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, याला कुठेतरी मोठा अपघात झाला असेल. तसं काही झालं नाही. मला कुणी धडक दिली नाही, की मी कुठल्या घाटातून कोसळलो नाही. चांगला धडधाकट असताना मी बंद पडलो. ते कसं घडलं, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म हडपसरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर लोखंडी पत्रा वाकवून, वेल्डिंग करून दहा हजार लिटरची टाकी बसवली, तो मी. ठिणग्या उडत होत्या तेव्हा माझे मालक सर्जेराव दारात उभे राहून एकटक बघत होते. हा माणूस मूळचा शेतकरी. मांजरी महापालिकेत गेली, मळ्याच्या चारी बाजूंना इमारती उठल्या, तसा त्यांनी ऊस मोडला आणि बरीचशी जमीन बिल्डरला दिली. विहीर मात्र दिली नाही. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे, पोटची लेकसुद्धा.

मला घरी आणलं तेव्हा तात्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी माझ्या चाकांवर पाणी घातलं, नारळ फोडला आणि विचारलं, "ह्याला आतनं कोण धुणार?"

"आत पाणीच तर भरायचंय. धुतल्यासारखंच हाय ते," तात्या म्हणाले.

"लोकांच्या लेकरांच्या पोटात जाणार हाय ते. आठवड्याच्या आठवड्याला धुवायचा. तुमच्यानं होत नसंल तर मी उतरते आत."

तेव्हापासून दर आठवड्याला तात्या विजार गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या पोटात उतरत आणि काथ्याने चारी बाजू घासत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मित्रांनो, आमच्याकडे नव्या सोसायट्या भराभर झाल्या, पण नळाचं पाणी त्या वेगाने आलं नाही. होळी सरली की बोअर आटत आणि मग माणसं आमच्या वाटेकडे डोळे लावून बसत. तेव्हा गावात टँकरवाले चौघे होते. तात्यांचा मी एकटा, आणखी दोघांचे एकेक, आणि रणजितचे तीन. रणजित म्हणजे गावातल्याच एका खडी-वाळूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पांढराशुभ्र शर्ट, कानाला फोन, आणि बोलणं इतकं गोड की समोरच्याला आपण हो कधी म्हणालो तेच कळू नये.

सुरुवातीला एका खेपेचे नऊशे रुपये मिळत. पण चार दुकानं शेजारीशेजारी असली की गिऱ्हाईक चारही पायऱ्या चढतं. सोसायटीवाले एकाला फोन करून म्हणत, "तो साडेआठशेत देतोय, तुमचं काय?" दुसरा आठशे म्हणे. तिसरा त्याच्याही खाली जाई. असं करत दर सातशेवर आला. सातशेत डिझेल आणि विहिरीच्या मोटारीची वीज निघे, तात्यांचे कष्ट मात्र फुकट जात.

मग लबाडी सुरू झाली. कुणी आठ हजार लिटर भरून दहा हजार सांगू लागला. कुणी ओढ्याकडेच्या खड्ड्यातून पाणी उपसू लागला. तात्यांना यातलं काही जमेना. ते विहिरीचंच पाणी काठोकाठ भरत, म्हणून चौघांत सगळ्यांत कमी त्यांच्याच हाती उरे. टायर गुळगुळीत झाले तरी बदलायला जमत नव्हतं. एकदा ब्रेक लागेना म्हणून आम्ही भर चौकात एका स्कूटरला चाटून गेलो. स्कूटरवरची बाई वाचली. तात्या मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

याच सुमाराला रणजितने चौघांना आमच्या विहिरीवर बोलावलं. मी बाजूलाच भरत उभा होतो.

"तात्या, एकमेकांचे गळे कापून मिळालं काय आपल्याला?" रणजित म्हणाला. "सोसायटीवाले आपल्याला झुंजवतात आणि मजा बघतात. भाव एक ठेवू. बाराशे. सोसायट्या वाटून घेऊ. माझ्या सोसायटीतनं तुम्हांला फोन आला तरी बाराशेच सांगायचे, तुमच्यातनं मला आला तर मीपण तेच सांगणार. कुणी खाली यायचं नाही."

"आणि पाणी?" तात्यांनी विचारलं. "ओढ्याचं बंद करणार का?"

"बंद! शब्द हाय माझा."

तात्यांनी क्षणभर माझ्या झिजलेल्या टायरकडे पाहिलं आणि हात पुढे केला. चौघांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवले. चहा आला.

नंतरची दोन वर्षं सुखाची गेली. मला नवे टायर आले, नवा रंग आला. उन्हाळ्यात दर सोळाशेवर जाई तरी खेपा संपत नसत. शिवार रेसिडेन्सी ही मोठी सोसायटी तात्यांच्या वाट्याला आली होती. तिच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिथे वाशीम-यवतमाळकडून आलेले कारखान्यातले कामगार राहत. त्या सगळ्यांना मिळूनही अख्खा टँकर परवडत नसे. ते ड्रमावर पाणी घेत आणि हिशेब केला तर लिटरमागे फ्लॅटवाल्यांपेक्षा जास्त मोजत. सोसायटीची टाकी भरून माझ्या बुडाशी थोडं पाणी उरलं, की तात्या मला त्या रांगेकडे वळवत आणि त्याचे पैसे घेत नसत. त्या रांगेतल्या कांताबाई दोन्ही हातांनी पाइप धरून म्हणत, "तात्या, तुमचा टँकर लई गुणाचा आहे." मीही खुळा, ते ऐकून फुगून जाई.

आता अपेक्षाबद्दल सांगतो. अपेक्षा ही तात्यांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा आयटी कंपनीत होता. आईवडिलांजवळ राहता यावं म्हणून त्यांनी शिवार रेसिडेन्सीतच फ्लॅट घेतला होता. एका वर्षी ती सोसायटीची सेक्रेटरी झाली. मार्च लागताच तिने चारही टँकरवाल्यांना फोन लावले आणि त्याच दिवशी दुपारी भर उन्हात विहिरीवर आली. तात्या माझ्या सावलीत भाकरी खात होते.

"तात्या, चौघांचा भाव एकच कसा?"

"पाणी एकच हाय म्हणून."

"चेष्टा नको. विहिरी वेगळ्या, अंतर वेगळं, गाड्या वेगळ्या. आणि दर रुपयाचाही फरक न पडता सोळाशे? तुम्ही ठरवून घेतलाय ना?"

तात्यांनी भाकरी खाली ठेवली. "सातशेत पाणी घालत होतो तवा आलीस का विचारायला? माझ्या गाडीचा ब्रेक फेल झाला तवा तुझी सोसायटी कुठं होती?"

"ते चूक होतं," अपेक्षा म्हणाली. "पण हेही चूक आहे. आमच्याकडे पेन्शनवर जगणारी माणसं आहेत. मेंटेनन्सपेक्षा पाण्याचं बिल मोठं झालंय. खरं सांगा, टायर-डिझेल, तुमचे कष्ट, सगळं धरून तुम्हांला कितीत परवडतं?"

तात्यांनी बोटांवर हिशेब मांडला. मग म्हणाले, "हजारात परवडतं. चांगलं परवडतं."

"मग हजार का नाही?"

"चौघांनी शब्द दिलाय."

"आमच्यातलं कुणी नव्हतं ना तो शब्द देताना?"

ती निघून गेली. तात्या उरलेली भाकरी न खाता तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवार रेसिडेन्सीत निरोप दिला, की खेपेला हजार रुपये, पाणी विहिरीचं, माप पूर्ण. ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याच्या आत दुसऱ्या दोन सोसायट्या तात्यांकडे आल्या. मी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत धावत होतो.

मला वाटलं होतं, रणजित चिडेल. माझी काच फोडेल, वाट अडवेल. त्याने तसलं काहीच केलं नाही. तो विहिरीवर आला, आनंदीबाईंच्या हातचा चहा प्याला आणि हसत म्हणाला, "तात्या, तुमची मर्जी. बाजार सगळ्यांना खुला हाय."

चार दिवसांनी त्याने सगळ्या सोसायट्यांना मेसेज पाठवला. टँकर सहाशे रुपये.

तात्यांनी तो मेसेज वाचला. "सहाशेत ह्याचं डिझेलसुद्धा निघायचं न्हाय," ते आनंदीबाईंना म्हणाले. "हा पाणी विकतोय का वाटतोय?"

आनंदीबाई म्हणाल्या, "तो पाणी न्हाय विकत. तुम्हांला धंद्यातनं उठवतोय."

त्यांचं खरं होतं. वाघोलीकडे रणजितचे आणखी टँकर चालत. तिथे दुसरा कुणी नव्हता, म्हणून तिथे तो मनाला येईल तो दर लावी आणि त्या पैशातून इथला खड्डा भरी. आमच्याकडे मात्र मी एकटा आणि विहीर एकटी.

त्या रविवारी शिवार रेसिडेन्सीची सभा पार्किंगमध्ये भरली. मी तिथेच, माझा पाइप त्यांच्या टाकीत सोडून उभा होतो. तात्या माझ्याआड, चाकाशी बसले होते. सभेतला शब्द न् शब्द आम्हां दोघांना ऐकू येत होता.

अपेक्षा म्हणाली, "रणजित तोट्यात देतोय, हे सगळ्यांना दिसतंय. तो कायम देणार नाही. दुसरा कुणी उरला नाही, की दर त्याच्या हातात जाईल. हजार हा रास्त दर आहे, आणि तात्यांनी तो आपल्यासाठीच खाली आणलाय."

तिसऱ्या मजल्यावरचा आमोद हा तरुण इंजिनीअर होता. तो म्हणाला, "ताई, तोटा त्याचा, फायदा आपला. सिंपल आहे. उद्या त्याने रेट वाढवला तर उद्या व्हेंडर बदलू."

"कुणाकडे जाणार उद्या?"

"मार्केट आहे. कोणीतरी येतंच."

अध्यक्ष दत्तप्रसाद बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला. "सर्जेरावांबद्दल आम्हां सर्वांना आदर आहे. पण दरपत्रकात आदराचा रकाना नसतो. मतदान घेऊ. आणि अपेक्षाताई, ते आपले वडील आहेत. आपण मत न दिलेलं बरं दिसेल."

अपेक्षाचा वर निघालेला हात खाली आला. रणजितच्या सहाशेच्या दरासाठी मात्र हात वर गेले. सगळेच गेले असं नाही. एक म्हातारं जोडपं हाताची घडी घालून बसून राहिलं. पण पुरेसे गेले. पाणी पडून संपलं तेव्हा तात्यांनी पाइप गुंडाळला, झाकण लावलं आणि कुणाकडे न बघता मला फाटकाबाहेर काढलं. त्या दिवशी ते मागच्या खोल्यांकडे वळायचं विसरले. कांताबाई ड्रम घेऊन उभ्या होत्या, त्या आरशात लहान लहान होत गेल्या.

पुढचं फार लवकर घडलं. बाकीच्या दोन सोसायट्याही गेल्या. तात्यांनीही दर सहाशेवर आणून पाहिला. प्रत्येक खेपेला खिशातले पैसे जात. एके दिवशी आनंदीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पदरचं घालून पाणी वाटायला आपण काय पाणपोई घातलीय? बंद करा आता." उरलेल्या दोघा टँकरवाल्यांपैकी एकाने आपली गाडी रणजितलाच विकली आणि दुसरा सासुरवाडीला शेती करायला निघून गेला. माझं आरटीओचं पासिंग संपलं, ते पुन्हा करायचं राहूनच गेलं. दारात उभ्या गाडीचा रोज थोडा जीव जातो, मित्रांनो. बॅटरी बसते, रबर तडकतं, उंदीर वायरी कुरतडतात.

पावसाळ्यानंतर रणजित पुन्हा आला. या वेळी सोबत वकील होता. "तात्या, विहीर नुसती पडून हाय. दहा वर्षांच्या करारावर मला द्या. दर महिन्याला पैसे घरपोच. घरच्या वापरापुरतं पाणी तुमचंच. तुम्ही मात्र टँकर चालवायचा न्हाय, की दुसऱ्या कुणाला पाणी द्यायचं न्हाय. आणि बसून काय करणार? माझ्या गाडीवर या. तुमच्यासारखा ड्रायव्हर मला कुठं मिळणार?"

तात्यांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली. तात्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी रणजितची माणसं आली. त्यांनी माझा पंप काढला, बुडाचा पाइप पत्र्यासकट कापून काढला, चांगले दोन टायर काढले. तात्या तिथेच उभे होते. शेवटचा नट निघेना, तेव्हा पाना त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. "जोर लावू नका, आटे जातील," एवढंच म्हणाले.

सहाशेचे हजार झाले दिवाळीत. हजाराचे दीड हजार झाले संक्रांतीला. यंदा चैत्र सुरू झाला आणि दर बावीसशेवर गेला. ड्रमाचा दर असा वाढला, की मागच्या खोल्यांतली माणसं कालव्याचं पाणी आणू लागली. दोन घरांत माणसांनी काविळीने अंथरूण धरलं. एका सकाळी कांताबाई आणि शेजारची चार बिऱ्हाडं रिकाम्या ड्रमांसकट टेम्पोत बसून निघून गेली. तो टेम्पो माझ्यासमोरूनच गेला. कारखान्यातली कामं सोडून ती कुठे गेली, ते मला कळलं नाही.

आणि मग परवाची दुपार. विहिरीवर रणजितचा टँकर भरत होता आणि तात्या, आता त्याच गाडीचे ड्रायव्हर, तिच्या चाकाशी बसून होते. तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. तिच्यातून दत्तप्रसाद, आमोद आणि अपेक्षा उतरले.

आमोद म्हणाला, "काका, पाच व्हेंडरना फोन लावले. नावं वेगळी, नंबर वेगळे, पण उचलते तीच मुलगी. रेट तोच. लोणीहून एक जण यायला तयार होता, पण त्याला इथे कुठल्याच विहिरीवर भरू देत नाहीत."

दत्तप्रसाद पुढे झाले. नेहमीची धार त्यांच्या आवाजात नव्हती. "सर्जेराव, आपला तो टँकर पुन्हा सुरू करता येईल का? बाराशे देऊ. हवे तर आगाऊ देऊ."

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुडाचं भोक आणि खाली वाढलेलं गवत त्यांना दिसत असणार.

"ती गाडी आता उभी ऱ्हायलीय तेवढीच," तात्या म्हणाले. "आन् विहीर माझ्या हातात न्हाय, साहेब. दहा वर्षं बांधलीय. दिलं तरी गुन्हा होईल."

विहिरीतली मोटार तेवढी घरघरत होती.

"ही खेप कुणाची?" शेवटी अपेक्षाने विचारलं.

"तुमचीच. शिवार रेसिडेन्सी. बावीसशे, रोख. चेक घेऊ नका म्हणून सांगितलंय."

दत्तप्रसाद आणि आमोद मोटारीकडे गेले. अपेक्षा गेली नाही. ती बापाजवळ आली आणि म्हणाली, "तात्या, माझ्यामुळे झालं हे. मी त्या दिवशी विचारायला आले नसते तर..."

"तू खरं तेच विचारलंस," तात्या म्हणाले. त्यांनी वर चढून भरलेल्या टँकरचं झाकण लावलं, खाली उतरले आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलले, "ऐक. ही टाकी आम्हांला धुऊ देत न्हाईत, येळ जातो म्हणत्यात. ओवीला ह्यातलं पाणी उकळल्याबिगर देऊ नको."

ओवी म्हणजे अपेक्षाची तीन वर्षांची मुलगी. अपेक्षाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. ती टँकरच्या पुढच्या भागात, बापाशेजारच्या जागेवर चढून बसली आणि ते पाणी तिच्याच घरी पोचवायला दोघं निघाली.

मित्रांनो, मला रंग लावा, माझी चाकं बसवा, असं मी तुम्हांला म्हणणार नाही. माझ्यासारख्या गाड्या भंगारात जायच्याच. तुमच्याकडे माझं मागणं निराळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, दूध घ्याल, भाजी घ्याल, पाणी घ्याल. तेव्हा सगळे विकणारे एकच दर सांगू लागले, तर तो कुणी आणि कुठे बसून ठरवला, हे धीटपणे विचारा. आणि पुढे कुणी वस्तू जवळजवळ फुकट देऊ लागला, तर पिशवी पुढे करण्याआधी शेजारच्या माणसाकडे एकदा बघा, जो नीट माल रास्त दरात देत होता. तो आज टिकला, तरच उद्या तुम्हांला दुसऱ्याकडे जाता येईल. तो उठून गेला, तर मग हात कितीही वर करा, मोजायला कुणी येत नाही.

आता मी थांबतो. रणजितची पुढची गाडी भरायला आली आहे.